ल्युपसमधला जंतुसंसर्ग: दोष आजाराचा की औषधाचा?

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. त्याच्या रुग्णाला ताप भरला की डॉक्टर आधी एकच गोष्ट ठरवू पाहतात: आजाराचा फ्लेअर, म्हणजे उसळी, आहे की जंतुसंसर्ग? फ्लेअर असेल तर प्रतिकारशक्तीला आवर घालणारे स्टेरॉइड वाढवायचे, संसर्ग असेल तर वाढवलेले स्टेरॉइड अंगाशी येऊ शकते. हा पेच स्टेरॉइड आल्यापासूनचा आहे.

त्याआधी तर गोंधळ वेगळाच होता. १८५१ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ काझनाव्ह यांनी 'ल्युपस एरिथेमॅटोसस' हे नाव रूढ केले. १८७२ मध्ये व्हिएन्नात कापोसी यांनी हा आजार त्वचेपुरता थांबत नाही हे मांडले. पण ल्युपस व्हल्गॅरिस हा त्वचेचा क्षय असल्याने ल्युपस एरिथेमॅटोससही क्षयाचाच प्रकार असावा, असे अनेक डॉक्टर कित्येक दशके मानत राहिले. थोडक्यात, संसर्गाला या आजाराचे कारण समजले जात होते.

१९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज आणि सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रुग्णांत दिसणारी एलई पेशी ओळखली आणि निदानाला आधार मिळाला. त्याच संस्थेत त्याच वर्षी हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिसोन हे स्टेरॉइड वापरले. ते लवकरच ल्युपसलाही दिले जाऊ लागले. तरीही १९५५ च्या एका अमेरिकी अभ्यासात निदानानंतर चार वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण हयात होते. स्टेरॉइडने अनेकांचे प्राण वाचवले हे खरेच, पण मोठ्या डोसमध्ये ते जंतूंशी लढणाऱ्या पेशींनाही थंड करते, शिवाय ताप दाबून टाकते. संसर्ग आत मुरतो आणि वरून रुग्ण बरा दिसतो.

याची किंमत १९७६ मध्ये स्पष्ट दिसली. टोरंटोच्या युरोविट्झ यांच्या गटाने ल्युपसमधल्या मृत्यूंचे दोन टप्पे दाखवले. उशिरा दगावणाऱ्यांमध्ये हृदयविकार ठळक होता. लवकर दगावलेल्यांचा आजार जोरात होता, स्टेरॉइडचे डोस मोठे होते आणि संसर्गाचे प्रमाणही लक्षणीय होते. पुढे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोफॉस्फामाइड या औषधाने ल्युपसमध्ये मूत्रपिंडे वाचू लागली, पण त्यासोबत नागिणीचा त्रासही वाढला.

सगळे खापर औषधांवर फोडण्याची सवय मात्र मला अर्धवट वाटते. ल्युपस स्वतःच संरक्षण पोखरतो. कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिने आजारात खर्ची पडतात, लिम्फोसाइट या संरक्षक पांढऱ्या पेशी घटतात, काहींची प्लीहा नीट काम करत नाही. त्यामुळे न्यूमोकोकससारखे आवरण असलेले जीवाणू आणि साल्मोनेला संधी साधतात. औषध सुरू नसतानाही हा धोका असतो.

म्हणूनच आजार काबूत ठेवणे हेही संसर्गापासून संरक्षणच ठरते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची कथा इथे बोलकी आहे. मलेरियाविरोधी घराण्यातले हे जुने औषध फ्लेअर कमी करते, आणि २००९ च्या एका स्पॅनिश अभ्यासात ते घेणाऱ्यांमध्ये गंभीर संसर्गही कमी आढळले. त्याच अभ्यासात प्रेडनिसोन या स्टेरॉइडचा डोस वाढला तसा धोका वाढलेला दिसला. युरोपच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दीर्घकाळच्या प्रेडनिसोनची मर्यादा २०१९ मध्ये दिवसाला ७.५ मिलिग्रॅम होती, २०२३ मध्ये ती ५ वर आली. सायक्लोफॉस्फामाइडही आता अनेकदा युरो-ल्युपस पद्धतीने, म्हणजे दर पंधरवड्याला ५०० मिलिग्रॅमचे सहा डोस असे देतात.

प्रतिबंधाच्या वाटेतही खाचखळगे आहेत. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया (प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना होणारा बुरशीजन्य न्यूमोनिया) टाळायला सर्रास वापरले जाणारे को-ट्रायमोक्साझोल हे सल्फा औषध आहे, आणि सल्फाने ल्युपसच्या रुग्णांना ॲलर्जी किंवा फ्लेअर होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. जिवंत लसी जोरदार इम्युनोसप्रेसंट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, चालू असताना सहसा टाळतात. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ॲनिफ्रोलुमॅब या ल्युपसवरच्या औषधाने नागिणीचा मुद्दा पुन्हा वर आणला, कारण ते इंटरफेरॉन या शरीरातल्या संदेशवाहक प्रथिनांचा मार्गच अडवते आणि विषाणूंना रोखण्यात इंटरफेरॉनचा वाटा मोठा. नागिणीची जिवंत विषाणू नसलेली लस २०१७ पासून उपलब्ध असल्याने असे उपचार सुरू करण्याआधीच ती देण्याचा विचार केला जातो.