टाच-पंजा गिअर लिव्हर : टूरिंग मोटारसायकलवरील वापर आणि सवय

टूरिंग व क्रूझर प्रकारच्या अनेक मोटारसायकलींवर डाव्या पायाशी असणारा दोन फाट्यांचा गिअर लिव्हर. पुढचा फाटा पंजासाठी, मागचा टाचेसाठी. दोन्ही एकाच शाफ्टवर घट्ट बसवलेले असल्याने एक खाली गेला की दुसरा वर उचलला जातो. पुढचा दाबला की गिअर उतरतो, मागचा दाबला की चढतो. गिअरबॉक्सच्या आतली रचना मात्र साध्या लिव्हरच्या गाडीसारखीच असते. पहिला खाली, मग न्यूट्रल, बाकीचे वर हा क्रमही तोच. त्यामुळे पुढच्या फाट्याखाली पंजा घालून तो वर उचलला तरी गिअर चढतोच. टाचेचा फाटा ही जास्तीची सोय आहे, सक्ती नव्हे. नवख्या चालकाच्या हे सहसा लक्षात येत नाही.

या सोयीचे मूळ फूटबोर्डात आहे. बारीक फूटरेस्टवर पाय असला की पंजा लिव्हरच्या खाली सहज जातो. रुंद फूटबोर्डावर मात्र बुटाखाली पत्रा असतो आणि पंजा खाली घालायला जागा अपुरी पडते. हार्ले-डेव्हिडसनच्या इलेक्ट्रा ग्लाइड, रोड किंगसारख्या गाड्यांवर फूटबोर्ड आणि टाच-पंजा लिव्हर जोडीने दिसतात ते यामुळे. उलट होंडाची गोल्ड विंग ही तितकीच अवजड टूरिंग गाडी फूटरेस्ट आणि साध्या लिव्हरवर चालते. शिवाय टाचेने गिअर टाकल्यास बुटाचा वरचा भाग घासून खराब होत नाही आणि घोट्याला वर उचलण्याचे श्रम पडत नाहीत. घोटा किंवा अंगठा दुखावलेल्या चालकाला हा फरक लांबच्या प्रवासात चांगलाच जाणवतो.

दोन फाट्यांची कल्पना जुनी आहे. पण सगळीकडे तिचा अर्थ एक नव्हता. मोटो गुझी या इटालियन कंपनीच्या जुन्या व्ही ७ वर असा लिव्हर उजव्या पायाशी होता. १९५८ च्या होंडा सुपर कबमध्ये पंजाने दाबत गिअर चढवायचे आणि टाचेने उतरवायचे, म्हणजे टूरिंग गाडीच्या नेमके उलट. अमेरिकेत १९७४ पासून लागू झालेल्या नियमाने लिव्हर डाव्या पायाशी आणला आणि पंजा वर नेला की वरचा गिअर, खाली दाबला की खालचा, अशी दिशा ठरवून दिली. टाचेचा फाटा या नियमात बरोबर बसतो, कारण टाच खाली गेली की पंजाकडचा फाटा आपोआप वर जातो.

सुपर कबच्या पद्धतीच्या लहान गाड्यांवर हात बसलेल्या चालकाला त्यामुळेच सर्वाधिक जपावे लागते. पूर्ण नवखा माणूस नवी हालचाल लवकर शिकतो. त्याला काही विसरायचे नसते. जुनी सवय मात्र घाईच्या क्षणी उफाळून येते. गिअर उतरवायचा म्हणून टाच दाबली तर उलट चढतो, इंजिन दबते आणि इंजिनाचा ब्रेक मिळत नाही. हे त्यातल्या त्यात निभावते. वेगात असताना गिअर चढवायचा म्हणून पंजा दाबला, तर गिअर उतरतो आणि क्लच सोडताच मागचे चाक अडखळून घसरू शकते. पहिला सराव मोकळ्या जागी, कमी वेगात करावा तो यासाठी.

चढवण्याची क्रिया अशी : ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबायचा, पाय थोडा मागे नेऊन टाचेने फाटा तळापर्यंत दाबायचा, मग टाच पूर्ण उचलून क्लच सोडायचा. यातला ‘टाच उचलणे’ हा भाग सर्वांत जास्त चुकतो. आतली रॅचेट यंत्रणा एका दाबाला एकच गिअर बदलते आणि लिव्हर मधल्या जागी परतल्याशिवाय पुढच्या गिअरसाठी तयार होत नाही. टाच फाट्यावर टेकून राहिली तर पुढचा गिअर पडत नाही; शिवाय सततच्या दाबाने आतले फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारे काटे, झिजतात. दुसरी चूक भित्र्या दाबाची. पंजाची हालचाल घोट्यातून होते, टाचेची गुडघ्यातून आणि मांडीतून. तिच्यात जोर जास्त, पण अंदाज कमी. अर्धवट दाबले की दोन गिअरांच्या मध्येच लिव्हर अडकतो आणि इंजिन नुसते गरजते; यालाच फॉल्स न्यूट्रल म्हणतात. तेव्हा दाब ठाम हवा, मात्र लाथ नको.

हाच ठाम दाब खऱ्या न्यूट्रलच्या वेळी आड येतो. न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये, अर्ध्या अंतरावर असतो. टाचेने तो साधायला गेले की बहुधा थेट दुसरा पडतो. म्हणून गिअर चढवताना टाच आणि न्यूट्रलसाठी पंजा ही मिश्र पद्धत सर्वांत सोयीची ठरते. सगळे टाचेनेच करण्याचा हट्ट धरणारे सिग्नलला उगाच झगडत बसतात.

सवय होत नाही अशी तक्रार पुष्कळदा पायाची नसून मापाची असते. कारखान्यातून आलेली मांडणी सरासरी बुटाची असते. मोठ्या बुटाचा पाय दोन फाट्यांमध्ये कोंडला जातो, तर लहान पायाला प्रत्येक गिअरला मागे-पुढे सरकावे लागते. टाचेचा फाटा फार उंच असेल तर अख्खा पाय उचलावा लागतो. फार खाली असेल तर दाब पुरा होण्याआधीच तो फूटबोर्डावर टेकतो आणि गिअर नीट बसत नाही. शाफ्टवर बारीक दाते असतात. बोल्ट काढून फाटा एक-दोन दाते फिरवून बसवला की दोन फाट्यांमधला कोन बदलतो. लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या रॉडची लांबी कमी-जास्त केल्यास मात्र दोन्ही एकदम हलतात : एक वर, दुसरा खाली. हा फरक न कळता रॉडशी खेळणारे टाचेची अडचण सोडवून पंजाची ओढवून घेतात. फेरबदलानंतर इंजिन बंद ठेवून, गाडी हाताने किंचित मागे-पुढे करत सगळे गिअर पडतात का, हे पाहावे. उभ्या गाडीत चाक हलल्याशिवाय ते सहज पडत नाहीत.

एवढे करूनही काही चालक टाचेचा फाटा काढूनच टाकतात, विशेषतः ज्यांना लांब पल्ल्यात फूटबोर्डावर पाय मोकळेपणी मागे-पुढे हलवायचा असतो. तसे करताना शाफ्टवरच्या रिकाम्या जागेत त्याच मापाचा स्पेसर, म्हणजे जागा भरणारी कडी, घालावा लागतो, म्हणजे पुढचा फाटा आडवा सरकत नाही.