एकट्या आलेल्या मुलांसाठी अमेरिकेतलं एसआयजे स्टेटस : कोणाला मिळतं, कागद काय लागतात

होंडुरास, एल साल्वाडोर, ग्वाटेमालातली पोरं गँगच्या धमक्यांना नाहीतर घरच्या मारहाणीला घाबरून एकटीच अमेरिकेच्या बॉर्डरवर येतात, हे बातम्यांत बघितलंच असेल. पुढे त्यांचं काय होतं? वय १८ च्या आत, कागदपत्रं नाहीत आणि सांभाळायला आईवडील अमेरिकेत नाहीत, अशा मुलाला २००८ च्या कायद्याप्रमाणे साधारण ७२ तासांत बॉर्डरवाल्यांकडून काढून आरोग्य खात्याच्या निर्वासित ऑफिसकडे, म्हणजे ओआरआरकडे द्यावं लागतं. तिथून मूल बहुतेक वेळा काका-मावशी अशा कुणा नातेवाइकाकडे जातं. पण घरी गेलं म्हणजे सुटलं असं नाही हं, परत पाठवायची केस इमिग्रेशन कोर्टात चालूच राहते, आणि वकील सरकारी खर्चाने मिळेल असा हक्क नाही. सात-आठ वर्षांचं पोर जजसमोर एकटं उभं, हे खरंच होतं.

अशा मुलांसाठी १९९० पासून एक रस्ता आहे, स्पेशल इमिग्रंट जुव्हेनाइल स्टेटस, थोडक्यात एसआयजे. इथेच लोकांची गल्लत होते. गँगने धमकावलं एवढ्यावर एसआयजे मिळत नाही, कारण यात मुख्य प्रश्न आईवडिलांचा असतो. आई किंवा वडील किंवा दोघांनी छळ केला, टाकून दिलं, हेळसांड केली असं काहीतरी लागतं. एकाने केलं असेल तरी चालतं, म्हणजे बाप सोडून गेला आणि मूल आता आईपाशीच राहतंय तरी अर्ज होऊ शकतो. गँगची भीती कामाला येते ती दुसऱ्या मुद्द्यात, परत मायदेशी पाठवणं मुलाच्या हिताचं नाही हे दाखवायला.

बाकी अटी सोप्या आहेत, अर्जाच्या दिवशी वय २१ च्या आत, लग्न झालेलं नको, आणि मूल अमेरिकेतच असायला हवं.

आता खरी मेख. इमिग्रेशनवाल्यांकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, थेट अर्ज करता येत नाही. आधी राज्याच्या कोर्टात कस्टडी किंवा गार्डियनशिपची केस करून ऑर्डर घ्यायची, आणि त्या ऑर्डरमध्ये मुलाचा ताबा कुणाकडे, पालकाकडे परत जाणं का शक्य नाही, मायदेशी जाणं हिताचं का नाही, हे तिन्ही स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. नुसती ‘कस्टडी मावशीला दिली’ एवढीच ऑर्डर आणलीत तर अर्ज अडकणार. बऱ्याच राज्यांत ही कोर्टं १८ पर्यंतच केस घेतात, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात गार्डियनशिप २१ पर्यंत मिळते, त्यामुळे मुलगा सतरा वर्षांचा असेल तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ अजिबात करू नका.

ऑर्डर मिळाली की फॉर्म आय-३६०, म्हणजे यूएससीआयएसकडे करायचा एसआयजेचा अर्ज. सोबत जन्मदाखला किंवा पासपोर्ट असा वयाचा पुरावा, स्पॅनिश कागद असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सहीचं सर्टिफिकेट, आणि कोर्टाची ऑर्डर. ऑर्डरमध्ये कारणं त्रोटक असतील तर कोर्टात दिलेला अर्ज, प्रतिज्ञापत्रं पण जोडा. एक चांगली गोष्ट, ज्याने छळ केला त्याला फोन कर, त्याच्याकडून सही आण असं मुलाला कोणी सांगू शकत नाही, कायद्यानेच बंदी आहे. फीचे नियम २०२५ मध्ये बदललेत म्हणून जुन्या लेखांवर जाऊ नका, भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या साइटवर बघा.

निकाल १८० दिवसांत द्यायचा असं कायदा म्हणतो, पण तो निकाल म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. ग्रीन कार्डचा आय-४८५ वेगळा, आणि त्याची लाइन काही वर्षांची. शिवाय या मार्गाने आलेलं मूल पुढे सिटिझन झालं तरी आईवडिलांना स्पॉन्सर करू शकत नाही, सांभाळणाऱ्या आईला सुद्धा नाही. हे मला कठोर वाटतं पण आहे असंच आहे.

गँगचीच भीती मुख्य असेल तर असायलमचा, म्हणजे मायदेशी जिवाला धोका आहे म्हणून आश्रय मागायचा, फॉर्म आय-५८९ सोबत भरता येतो. एक वर्षाच्या आत अर्ज करायची अट अशा एकट्या मुलांना नाही, आणि पहिली सुनावणी जजपुढे न होता असायलम ऑफिसरपुढे होते, जे मुलाला जरा सोपं जातं.

आणि पत्ता! मावशीने घर बदललं की इमिग्रेशन कोर्टाला ५ दिवसांत आणि यूएससीआयएसला १० दिवसांत कळवायचं, दोन्हीकडे वेगवेगळं. कोर्टाची नोटीस जुन्या घरी गेली आणि तारीख चुकली तर मूल हजर नसतानाच परत पाठवायची ऑर्डर निघू शकते.