चाकांचा हिशोब चुकतो तेव्हा

कारखान्यात माल वाहणाऱ्या चालकविरहित गाडीला, म्हणजे एजीव्हीला, आपण कुठे आहोत हे कसं कळतं? छपराखाली जीपीएसचा भरवसा नाही. चाकांचे फेरे मोजून अंतर काढता येतं, पण २०० मिलिमीटर व्यासाचं चाक झिजून १९९ झालं आणि गाडीला ते ठाऊक नसलं, तर १०० मीटरवर हिशोब अर्ध्या मीटरने चुकतो. दिशेची चूक त्याहून महाग. तोंड १ अंशाने वळलेलं असेल तर तेवढ्याच अंतरावर गाडी पावणेदोन मीटर बाजूला जाते. पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या चौकटीच्या, फटीत माल उचलायचे काटे घालायला एवढी चूक चालत नाही, आणि ती आपोआप कमीही होत नाही. साचत जाते.

जुना उपाय तारेचा. फरशीत चर पाडून तार पुरायची आणि तिच्यातून प्रत्यावर्ती (एसी) विद्युतप्रवाह सोडायचा. गाडीच्या पोटाखाली तारेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं. गाडी डावीकडे सरकली की उजवी कॉइल तारेजवळ येते, तिच्यातलं व्होल्टेज वाढतं आणि स्टिअरिंग उजवीकडे वळतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र कॉइलमध्ये व्होल्टेज निर्माण करतं, या फॅरेडेच्या नियमाचा इतका देखणा वापर मला क्वचितच दिसला आहे. स्वीडनमधल्या कालमारला १९७४ मध्ये सुरू झालेल्या व्होल्वोच्या कारखान्यात मोटारींचे सांगाडे घेऊन फिरणाऱ्या गाड्या जमिनीतल्या अशाच तारांच्या मागे जात. मात्र रस्ता बदलायचा तर फरशी फोडावी लागते.

लेझरने ही अडचण सोडवली. गाडीच्या डोक्यावर लेझर गोल फिरतो. खांबांवर आणि भिंतींवर रिफ्लेक्टर लावलेले असतात. कोणता रिफ्लेक्टर कोणत्या कोनात दिसला हे टिपलं, की तिघांवरून जागा निघते. समुद्रातला कोळी किनाऱ्यावरचा डोंगर आणि देऊळ कोणत्या दिशेला दिसतात यावरून आपली जागा ओळखतो, तसंच. पण डोंगर आणि देऊळ वेगळे दिसतात, रिफ्लेक्टर सगळे सारखे. मग कोणता कुठला? इथे चाकांचा तोच कच्चा हिशोब कामी येतो. ‘मी साधारण इथे आहे, म्हणजे समोरचा तो सातव्या खांबावरचा असणार,’ असा अंदाज गाडी बांधते आणि लेझरने तो पक्का करते. रिफ्लेक्टर झाकले गेले तर तेवढा वेळ चाकंच सांभाळून घेतात. शिवाय रिफ्लेक्टर मुद्दाम अनियमित अंतरांवर लावतात. सगळीकडे सारखीच रचना असली तर दोन जागांची गल्लत होते.

नव्या गाड्या रिफ्लेक्टरशिवायही चालतात. भिंती, खांब, यंत्रं यांचा नकाशा त्या स्वतः तयार करतात आणि लेझरला दिसणारं चित्र त्याच्याशी जुळवत राहतात. मला मात्र गोदामांची काळजी वाटते. तिथे आज पॅलेटची रास लेझरला भिंतीसारखी दिसते आणि उद्या सकाळी ट्रक भरून निघून जाते. अशा वेळी नकाशातलं काय कायमचं आणि काय तात्पुरतं हे ठरवणं सोपं नाही, म्हणून अशा ठिकाणी खांबांवर थोडे रिफ्लेक्टर अजूनही लावले जातात.