ऑक्टेव्हिया आरएस : रस्ता आणि ट्रॅकसाठी फेरबदल

स्कोडा ऑक्टेव्हियाची टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) लावलेल्या पेट्रोल इंजिनाची वेगवान आवृत्ती म्हणजे ऑक्टेव्हिया आरएस. रोजच्या वापराची सोय न घालवता ही गाडी सर्किटवर सलग लॅप मारू शकेल यासाठी तिच्या ब्रेक, टायर, सस्पेन्शन, इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये केल्या जाणाऱ्या बदलांची ही नोंद आहे. मागचे दार काचेसकट उघडत असल्याने तांत्रिकदृष्ट्या ही लिफ्टबॅक ठरते; भारतात मात्र सगळे तिला सेडानच म्हणतात.

औरंगाबादजवळच्या (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथील कारखान्यात २००१ पासून ऑक्टेव्हियाची जुळणी होऊ लागली. १.८ लिटर टर्बो इंजिनाची, १५० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकदीची पहिली आरएस भारतात २००४ मध्ये आली. फेरबदल करणाऱ्यांचा खरा जीव आहे तो २०१७ च्या आरएस २३० वर आणि २०२० मध्ये फक्त २०० गाड्या आलेल्या आरएस २४५ वर. २०२५ मध्ये आलेल्या २६५ पीएसच्या १०० गाड्यांचे इंजिन पुढच्या पिढीचे आहे. पुढील माहिती त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही.

आरएस २३० आणि २४५ मध्ये ईए८८८ मालिकेतील तिसऱ्या पिढीचे १,९८४ घन सेंमीचे (सुमारे दोन लिटर) इंजिन आणि आयएस२० हा टर्बो असतो. पहिलीत ३५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स (डीक्यू२५०), तर दुसरीत ३७० न्यूटन-मीटर आणि सात गिअरचा (डीक्यू३८१) आहे. दोन्हींचे क्लच तेलात बुडालेले, म्हणजे ओले. फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयचे इंजिन आणि सांगाडा याच घराण्यातले असल्याने तिच्यासाठी बनलेले बहुतेक सुटे भाग इथेही बसतात.

बदलांचा क्रम : बहुतेक मालक रिमॅपपासून, म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर (मॅप) बदलण्यापासून सुरुवात करतात, कारण थोड्या खर्चात सर्वांत मोठा फरक तिथेच जाणवतो. ट्रॅकसाठी हा क्रम उलटा आहे. मूळ ताकदीच्या गाडीतही तिसऱ्या-चौथ्या लॅपला सर्वांत आधी हार मानते ते ब्रेक ऑइल. इंजिनाची ताकद वाढवली की तेच दुसऱ्या लॅपला होते. शिवाय पुण्या-मुंबईच्या गाडीला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचे ३.७ किमीचे सर्किट गाठायला अकराशे ते तेराशे किलोमीटर जावे लागते आणि त्याच गाडीने परतही यायचे असते. त्यामुळे लॅपच्या वेळेइतकेच महत्त्व गाडी धडधाकट राहण्याला आहे.

त्याआधी एक तपासणी चुकवू नये. या इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप एकाच प्लॅस्टिकच्या घरात बसवलेले आहेत आणि ते गळणे हा या मालिकेचा जुना रोग आहे. टाकीतले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) महिन्या-दोन महिन्यांत थोडे थोडे उतरत असेल, किंवा इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाजवळ गुलाबी-जांभळट सुकलेले डाग दिसत असतील, तर आधी हे घर बदलावे. केवळ पाणी भरत राहून ट्रॅकवर गेलेली गाडी टो करून आणावी लागते.

ब्रेक : डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर १५५ अंश असावा लागतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेले ऑइल दुसऱ्या आकड्याकडे सरकलेले असते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडते आणि तळाला जाते. रेसिंगसाठीचे ऑइल कोरडे असताना ३०० अंशांच्या पुढे टिकते, पण ओलावाही लवकर धरते. म्हणून ते दर ट्रॅक-दिवसाआधी ब्लीड करावे (नळ्यांतले बुडबुडे आणि जुने ऑइल थोडे बाहेर काढावे) आणि वर्षातून एकदा पूर्ण बदलावे.

पॅडचा प्रश्न वेगळा आहे. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर दोष ऑइलचा नसून तापलेल्या पॅडचा. पूर्ण रेसिंग पॅड थंड असताना नीट लागत नाहीत आणि सिग्नलला कर्कश ओरडतात. रस्ता-ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले पॅड घ्यावेत आणि ते डिस्कवर बसवून घ्यावेत : ताशी ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता, दर वेळी जरा जास्त जोराने ब्रेक लावायचा, मग ब्रेकला हात न लावता दहा मिनिटे गाडी चालवत थंड होऊ द्यायची. हे टाळले की पॅडचा थर डिस्कवर ठिगळांसारखा चिकटतो आणि स्टिअरिंग थरथरते. लोक त्याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात आणि चांगली डिस्क फेकून देतात. सेशन संपल्यावर हँडब्रेक ओढू नये; गिअर ‘पी’ (पार्क) मध्ये टाकून चाकाला दगड लावावा.

टायर आणि सस्पेन्शन : पुढची चाके ओढणारी गाडी वळणात नाक बाहेर टाकते, म्हणजे अंडरस्टिअर करते. यावर सर्वांत स्वस्त इलाज मागचा जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारी दांडी). पुढच्या चाकांना ट्रॅकवर उणे २ ते २.५ अंश कॅम्बर (चाकाचा वरची बाजू आत झुकलेला कल) हवा. कंपनीच्या मांडणीत तो समायोजित करण्याची सोय जवळपास नसते, म्हणून कॅम्बर प्लेट लावतात. रोज चालवायच्या गाडीत उणे दीडवर थांबावे, नाहीतर टायरची आतली कड बाहेरची निम्मी झिजण्याआधीच गुळगुळीत होते. स्प्रिंगने गाडी २०-२५ मिमीपेक्षा खाली आणली तर आपल्याकडच्या गतिरोधकांवर इंजिनाखालचे आवरण घासते. सोसायटीच्या गेटवर त्याची परीक्षा रोज होते. चाकाचे बोल्ट एम१४ मापाचे असून १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. ट्रॅकवर दर सेशननंतर टॉर्क पान्याने तपासावेत, मात्र चाक थंड झाल्यावरच.

इंजिन : केवळ सॉफ्टवेअर बदलून (स्टेज वन) आयएस२० साधारण २९० पीएस आणि ४२० न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. खरे बंधन इंधनाचे. ९५ ऑक्टेनसाठीचा (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची अवेळी पेट न घेण्याची क्षमता) मॅप आणि ९८ च्या वरचा मॅप वेगळे असतात. भारतात एक्सपी१०० सारखे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल मोजक्याच पंपांवर मिळते, त्यामुळे ट्रॅककडे निघताना वाटेत काय मिळेल ते पाहूनच मॅप निवडावा. स्पार्क प्लग नवे घालून गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवतात. जास्त ठेवला तर वाढलेल्या बूस्टखाली (टर्बोच्या हवेच्या दाबाखाली) ठिणगी विझते आणि चढावर गाडी झटके देते.

मॅप बसला की नाही हे डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदापेक्षा लॉग, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली नोंद, जास्त खरे सांगतो. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० ते ६,५०० आरपीएम पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून प्रत्येक सिलिंडरचे इग्निशन (ठिणगी पडण्याची वेळ) किती मागे खेचले जाते ते नोंदवायचे. ही नोंद सार्वजनिक रस्त्यावर नव्हे, ट्रॅकवर किंवा डायनोवर घ्यावी. एखाद्या सिलिंडरमध्ये सतत चार-पाच अंश मागे जात असेल तर इंजिन नॉक करते आहे, म्हणजे इंधन अवेळी पेट घेते आहे : इंधन कमी ऑक्टेनचे आहे, नाहीतर आत जाणारी हवा गरम आहे. उन्हाळ्यात दुसरे कारण जास्त आढळते आणि त्यावर मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा भाग) हाच उपाय. उंचीचाही हिशोब धरावा. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत तेवढाच दाब गाठायला टर्बोला समुद्रसपाटीपेक्षा जास्त वेगाने फिरावे लागते.

डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरचा धुराचा पाइप (स्टेज टू), आणि गोल्फ आरचा मोठा आयएस३८ टर्बो हे पुढचे टप्पे. दोन चाके ओढणाऱ्या गाडीत त्यातली बरीच ताकद टायर फिरवण्यातच जाते, म्हणून ट्रॅकसाठी स्टेज वन आणि इंटरकूलरवर थांबणे शहाणपणाचे.

गिअरबॉक्स : टॉर्क वाढला की क्लच घसरू नये म्हणून डीएसजीचे सॉफ्टवेअरही बदलून दाब वाढवावा लागतो. डीक्यू२५० चे तेल आणि फिल्टर कंपनी ६०,००० किमीला बदलायला सांगते. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत निम्म्या अंतरावर बदलतात.

कायदा आणि विमा : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढलेला डाउनपाइप प्रदूषणाच्या नियमांतही बसत नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो. खासगी गाडीच्या सर्वसाधारण पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी मुळातच वगळलेली असते, त्यामुळे सर्किटवर भिंतीला लागलेल्या गाडीचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो.