खिडकी फोडणारा स्क्रू हातात कसा येतो?

‘प्लॅनेटेस’ पाहिलेले दोघे भेटले की एक प्रश्न हमखास निघतो. मालिकेच्या सुरुवातीलाच एक साधा स्क्रू प्रवासी यानाची खिडकी फोडतो आणि माणसं मरतात. मग तसलाच कचरा मालिकेचा नायक हाचिमाकी आणि त्याचे सोबती स्पेससूट घालून हाताने कसा गोळा करतात?

माकोतो युकिमुरा यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) सनराइज स्टुडिओने केलेली ही २६ भागांची जपानी मालिका २००३-०४ मध्ये एनएचके या जपानी वाहिनीवर आली. कथेचा काळ २०७५. यातली मुख्य माणसं अवकाशातला कचरा उचलणारे पगारी कामगार आहेत आणि कंपनीत त्यांच्या विभागाला फारसा मान नाही. मला ही मालिका जवळची वाटते ती यामुळेच, आणि तिच्यातल्या भौतिकशास्त्रामुळे.

पृथ्वीलगतच्या कक्षेत उपग्रह असो की रंगाचा टवका, वेग सारखाच : सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर. दोन कक्षा एकमेकींना छेदत असतील, तर टकरीचा वेग १० किलोमीटरवर सहज जातो. त्या वेगाने आलेल्या ५ ग्रॅमच्या स्क्रूत अडीच लाख जूल ऊर्जा असते. ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या एक टनाच्या मोटारीत असते तेवढी! १९८३ मध्ये रंगाच्या एका कणाने ‘चॅलेंजर’ यानाच्या काचेला खळगा पाडला होता.

पण तुम्ही त्याच कक्षेत, त्याच दिशेने फिरत असाल तर? तोच स्क्रू तुमच्या शेजारी निवांत तरंगताना दिसेल. चिमटीत धरा आणि पिशवीत टाका.

खरी मेहनत आहे ती त्याच्या शेजारी पोहोचण्यात. जून १९६५ मध्ये ‘जेमिनी ४’ या अमेरिकी यानाचे कमांडर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. टप्पा समोर दिसत होता, म्हणून त्यांनी यान त्याच्या रोखाने पुढे ढकललं, आणि ते आणखीच दूर पडत गेलं. कक्षेत वेग वाढवला की यान वर चढतं, वरची फेरी लांबीला जास्त आणि गतीला मंद, त्यामुळे आपण मागे राहतो. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली उतरायचं, खालच्या फेरीत त्याला गाठायचं आणि मग वर यायचं. बरंच इंधन खर्ची पडलं तेव्हा तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्याच मोहिमेत त्यांचे सहकारी एड व्हाइट यानाबाहेर असताना एक जादा हातमोजा उघड्या दारातून निसटला आणि काही काळ तोही कचरा होऊन फिरला.

मालिका एका ठिकाणी मात्र सैल पडते, असं मला वाटतं. यान एका कक्षेतून दुसरीत फार सहज जातं. कक्षेचा कल ६० अंशांनी बदलायचा तर जवळजवळ कक्षेतल्या पूर्ण वेगाइतकाच बदल लागतो. एवढं इंधन खर्चून एका जहाजाने चहूकडचा कचरा झाडणं कठीण आहे. शिवाय निकामी वस्तू गोल गोल फिरत असते आणि तिला धरायला मूठ नसते. ‘अ‍ॅस्ट्रोस्केल’ या जपानी कंपनीचं एक यान २०२४ मध्ये जुन्या एच-२ए रॉकेटच्या टप्प्यापासून १५ मीटरवर पोहोचलं. त्या मोहिमेचं काम फक्त जवळून पाहणी करण्याचं होतं आणि तेवढंही मोठं यश ठरलं.

कचरा किती टिकेल, हे उंचीवर ठरतं. नोव्हेंबर २००८ मध्ये अवकाश स्थानकाबाहेर दुरुस्ती चालू असताना एका अंतराळवीर महिलेच्या हातून हत्यारांची पिशवी सुटली. तिथे हवेचा पुसटसा अंश असतो. त्याच्या घर्षणाने पिशवी खाली येत गेली आणि ऑगस्ट २००९ मध्ये वातावरणात शिरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ७९० किलोमीटर उंचीवर ‘इरिडियम ३३’ आणि ‘कॉसमॉस २२५१’ हे उपग्रह जवळजवळ काटकोनात एकमेकांवर आदळले. त्यातले कितीतरी तुकडे अजून फिरताहेत.