ठळक केलेली ओळ म्हणजे शीर्षक नव्हे

वेबपान बनवायला व्हिज्युअल एडिटर बरा की हाताने कोड लिहिणं, हा वाद निघाला की गाडी हमखास वेगावर आणि सोपेपणावर येऊन अडते. एडिटरमध्ये पान कसं बनतं हे सगळ्यांना ठाऊक आहे: ब्लॉक ओढा, मजकूर टाका, पब्लिश दाबा. हाताने लिहायचं तर टॅग, म्हणजे मजकुराचा प्रकार सांगणाऱ्या खुणा, टाइप करून ब्राउझरमध्ये बघायचं. वेळेचा फरक सवयीने मिटतो, त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

घोळ होतो तो वेगळ्याच जागी. ओळ कशी दिसावी, हे एडिटरमध्ये आपण ठरवतो. ती ओळ आहे काय, हे एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये, सांगावं लागतं.

समजा, कॉलेजच्या पानावर ‘प्रवेश प्रक्रिया’ असं शीर्षक द्यायचंय. बहुतेक जण ओळ सिलेक्ट करतात, बोल्ड करतात, साइझ २४ करून मधोमध आणतात. डोळ्यांना शीर्षक दिसतं. आता कोड उघडून बघा: परिच्छेदाचा पी टॅग, त्यात स्पॅन, त्याला फॉन्ट साइझ, आत ठळकपणासाठी स्ट्राँग. ब्राउझरच्या लेखी हा साधा परिच्छेद. हाताने नीट लिहिणारा तिथे शीर्षकाचा एच टू टॅग देतो आणि आकार-रंग सीएसएसमध्ये, म्हणजे दिसण्याच्या नियमांत, एकदाच लिहितो. उद्या सगळ्या शीर्षकांचा रंग बदलायचा झाला, तर त्याला एकच ओळ बदलावी लागते.

तेच पान एखादा दृष्टिहीन विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर उघडतो. एच हे बटण दाबलं की पुढच्या शीर्षकावर जाता येतं. इथे मात्र उत्तर मिळतं, पुढे शीर्षक नाही. मग फी किती आणि शेवटची तारीख कोणती, हे शोधायला सगळं पान ओळीओळीने ऐकत बसायचं. प्रवेशाच्या पानावर हे होणं मला अजिबात खपत नाही.

मराठीने असला घोळ आधीच भोगलाय. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीची एकच प्रमाण पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसायचा, पण आत साठलेली असायची भलतीच अक्षरं. फॉन्ट नसला की अगम्य चिन्हं, आणि मराठीत शोधलं तर काहीच सापडायचं नाही.

दोष एकट्या एडिटरचा नाही. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून ब्लॉक एडिटर आहे. त्यात हेडिंगचा वेगळा ब्लॉक आहे, तो घेतला की आत खरा एच टू बसतो. उलट हाताने लिहिणारेही कित्येकदा सगळीकडे डिव्ह हा स्वतःचा अर्थ नसलेला टॅग ठोकतात आणि त्याच्या क्लासला, म्हणजे नुसत्या लेबलला, ‘हेडिंग’ नाव देऊन मोकळे होतात. क्लासच्या नावाने डिव्हचं शीर्षक होत नाही.

रोजच्या बातम्या-सूचनांसाठी ब्लॉक एडिटर खुशाल वापरा. वर्षानुवर्षं राहणारी पानं मात्र मी हातानेच लिहीन. वर्डमधून थेट कॉपी-पेस्ट करणं आणि जागा सोडायला तीनदा एंटर मारणं, या दोन सवयी तर आजच सोडा.

आणि भाषा सांगायला विसरू नका. हाताने लिहिताना सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये ‘लँग’ला (lang) ‘एमआर’ (mr) हा मराठीचा संकेत द्या. वर्डप्रेसमध्ये जनरल सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी करा. तिथे इंग्रजी राहिली, तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला घेऊ शकतो.