मुलींची फी माफ, तरी अर्ज कुठं अडकतो?

"मुलींना सगळं मोफत आहे ना?" प्रवेशाच्या दिवसांत कराडच्या आमच्या सेवा केंद्रात हा प्रश्न रोज येतो. सगळं नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, मेस, एसटीचा पास, हे घरचंच. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काचं निम्मं मिळतं, उत्पन्नाची अट तीच. पावतीवर 'एकूण फी' असा एकच आकडा दिसला तर खिडकीवरून हलू नका, फोड करून मागा.

प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरची जागा चालत नाही, खासगी अभिमत विद्यापीठही नाही. एका मुलीनं कॅपमध्ये लागलेलं लांबचं कॉलेज सोडलं आणि घराजवळ संस्था स्तरावर प्रवेश घेतला. गाडीभाडं वाचलं, फी मात्र पूर्ण बसली. तिच्या वडिलांना हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

खरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची. तो तहसीलदारांचाच लागतो. तलाठ्याचा अहवाल (पद आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, लोक तलाठीच म्हणतात) म्हणजे दाखला नव्हे, आणि वडिलांचा फॉर्म १६ (कंपनीकडून मिळणारा पगार-कराचा दाखला) सुद्धा नव्हे. सातबारा आजोबांच्या नावावर, वडील पुण्याला कंपनीत, आई गावी. अशा घराला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवतात. त्यासाठी कागद सुट्टीत गोळा करा, कॅपची यादी लागल्यावर नव्हे. दाखल्यावर 'वैध' म्हणून छापलेली तारीख वाचा. ती बहुधा ३१ मार्च असते. गेल्या साली काढलेला दाखला जोडून मोकळे झालेले आमच्याकडे दरवर्षी येतात. प्रतिज्ञापत्रासाठी कुणी पाचशेचा स्टॅम्प आणायला लावला तर विचारा, कशासाठी? सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे.

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, फॉर्म भरणं अर्ध्या तासाचं काम. डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, मागची गुणपत्रिका, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रमाणपत्र. ईडब्ल्यूएस किंवा नॉन क्रिमीलेअर ज्याला लागू, त्यानं तेही.

पैसे येतात विद्यार्थ्याच्या आधारशी सीड झालेल्या, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी आधारला जोडलेल्या खात्यात. 'बँकेत आधार दिलाय' याचा अर्थ सीडिंग झालं असा नाही. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस उघडा, तिथं एकाच बँकेचं नाव दिसेल, पैसे तिथंच जाणार. नव्या खात्याला आधार जोडलं असेल तर जुन्या पासबुकाकडे बघत बसू नका.

आणि सबमिट झाला म्हणजे अर्ज मंजूर झाला, असं नसतं. कॉलेजचा क्लार्क तपासतो, स्कॅन पुसट दिसला की परत पाठवतो, आणि मुलं महिनोन् महिने लॉगिनच करत नाहीत. मुदत संपल्यावर क्लार्कही हात वर करतो. आठवड्यातून एकदा उघडून बघा. दुसऱ्या वर्षापासून नवा अर्ज नसतो, रिन्यूअल असतं. तेही आपोआप होत नाही.

नोंदणीला मोबाईल नंबर स्वतःचा द्या. केंद्रवाल्याचा नको, आमचासुद्धा नको.